पिशवीच्या तपासणीची गाडी

गाडी चालवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. चाकाला चिखल लागतो तसे ते लागतात. नव्वदनंतर काही वर्षं मी मिरजेच्या एका दवाखान्याची व्हॅन चालवली. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर तपासायला आम्ही तासगावकडच्या खेड्यांत जायचो. मागे डॉक्टर मॅडम आणि सिस्टर, पुढे मी. माझं शिक्षण चौथी. शिकलेला शहाणा की अडाणी शहाणा, हा फरक मी त्या गाडीवरच विसरलो.

*

मॅडम शाळेत बायकांना समजावत होत्या. "हा कॅन्सर एका व्हायरसमुळे होतो. तो बहुतेक वेळा नवऱ्याकडून बायकोला लागतो. पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपलं काम करून घेतो. एका पेशीच्या दोन होतात, पण गरज संपली की ती थांबते. तिला ब्रेक असतो. हा व्हायरस तो ब्रेकच निकामी करतो. मग पेशी वाढतच राहतात."

पुढची म्हातारी म्हणाली, "घरात शिरायचं आन् घरच्यांनाच राबवायचं? मग आमच्या जावयाला काय म्हंत्यात, मॅडम?"

*

पुरुषांची सभा वेगळी. पडद्यावर बिघडलेल्या पेशींचा फोटो, एकीला एक चिकटलेल्या. एक द्राक्षबागायतदार बराच वेळ बघून म्हणाला, "घडातल्या मण्यांची विरळणी केल्याली न्हाई. ह्यो माल परदेशी जायचा न्हाई."

शेजारचा त्याहून हुशार. "मॅडम, ह्यो व्हायरस मण्यांवर मारला तर फुगवण हुईल का?"

मॅडमनी चहा न घेता प्रोजेक्टर आवरला.

*

व्हॅनचे ब्रेक लागेनात. दवाखान्याच्या ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं.

"गाडी जाते ना?"

"जाते."

"मग झालं."

संध्याकाळी साहेबांनाच सांगलीला सोडायचं होतं. वाटेत मी म्हणालो, "साहेब, ब्रेकचं तेवढं बघा."

"म्हणजे अजून केले नाहीत? मला इथंच उतरव."

"थांबली की उतरा," मी म्हणालो.

*

एका गावी रिटायर सुभेदार होता, पठाणकोटच्या छावणीत बरीच वर्षं एकटा राहून आलेला. मिशी पिळायची, गावाला शिस्त शिकवायची. त्याची बायको हौसाबाई तपासणीला गुपचूप येऊन गेली होती. रिपोर्ट बिघडलेला आला. मॅडम त्यांच्या घरी गेल्या.

"पेशी वाढायला लागल्यात, पण अजून कॅन्सर झालेला नाही. आत्ता हौसाबाई मिरजेला आल्या तर वाचतील. पुढं माझ्या हातात काही राहणार नाही."

"आमच्या घरात असला रोग न्हाई," सुभेदार म्हणाला. "आमी डिसिप्लिनची माणसं हाय."

हौसाबाई कपबशा उचलून आत गेली. मॅडम गाडीत येऊन रडल्या. रडणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. तरी गाडी सावकाश चालवली.

*

पुढच्या फेरीला हौसाबाई बोचकं घेऊन रस्त्यावर उभी. दार उघडून मॅडमशेजारी बसली. मी गाडी चालू केली तोवर सुभेदार पळत आला आणि बॉनेटपुढं आडवा उभा राहिला. निम्मं गाव गोळा झालं.

"कुठं न्हाई जायचं. ह्यो व्हायरस माझ्या घरात आला कुठनं, ते आदी सांगा. मग हलवा गाडी."

मॅडम तोंड उघडणार, तेवढ्यात हौसाबाईनं काच सरकवली.

"आवं, पठाणकोटला इचारा की."

सुभेदार बाजूला झाला. मी फर्स्ट टाकला.