एक पायरी, एक दिवस

फोन दुरुस्तीला आला की मिस्त्री तो आधी गालाला लावायचे. चालू करून बघणं, काच पुसणं सगळं नंतर. लेकराचा ताप बघावा तसे डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "तापतंय गड्या ह्ये. लय पळवलंय ह्येला." गिऱ्हाईक हसायचं. शेजारच्या दुकानातून मीही हसायचो.

खरं तर ते विहिरीवरच्या पंपांच्या मोटारींचे मिस्त्री. दहिवडीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच त्यांचं जळक्या मोटारी भरायचं, म्हणजे आत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. आमच्या माण तालुक्यात विहिरीला पाणी कमी आणि तारेत वीज त्याहून कमी. व्होल्टेज पडलं की मोटार तापते, जळते आणि मिस्त्रींच्या दारात येते. कमी व्होल्टेजवरच त्यांची चूल पेटत होती म्हणा ना.

असा माणूस साठीला आल्यावर फोनच्या पोटात हात घालील असं कुणाला वाटलं नव्हतं. मुंबईचा मुलगा सुट्टीला आला, आपला जुना फोन देऊन गेला आणि जाताना एक ॲप दाखवून गेला. आतला प्रोसेसर किती वेगाने पळवायचा आणि त्याला किती व्होल्टेज द्यायचं, ते आकडे त्यात बदलता येत. वेग वाढवला की फोन चपळ होतो, पण तापतो. वेग तसाच ठेवून व्होल्टेज थोडं उतरवलं, तर तो गार राहतो आणि बॅटरी जास्त पुरते. हे ऐकून मिस्त्री दोन दिवस जेवले नीट नाहीत. उभा जन्म कमी व्होल्टेजने जळलेल्या मोटारी भरल्या आणि इथे सगळा उलटा न्याय. शेवटी स्वतःच्या फोनवर करून बघितलं आणि तो घेऊन माझ्याकडे आले. "झेरॉक्स, गालाला लाव. गार हाय."

मला ते झेरॉक्सच म्हणायचे. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, शंका आहे.

गिऱ्हाइकांना पटवणं महाकठीण. व्होल्टेज कमी करतो म्हटल्यावर एका बागायतदाराने फोन हातातून ओढून घेतला होता. गेल्याच महिन्यात त्याची मोटार गेली होती, त्याचं तरी काय चुकलं? कॉलेजची पोरं उलटं मागायची, गेमसाठी वेग वाढवून द्या म्हणून. मिस्त्री त्यांना खुशाल वाटेला लावायचे. पळवणं कुणालाही जमतं, म्हणायचे, गार ठेवून चालवणं अवघड.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी मूळचे आकडे चिठ्ठीवर उतरवायचे आणि चिठ्ठी बिस्किटाच्या डब्यात टाकायची. मग व्होल्टेज एकच पायरी खाली. मग तो फोन दिवसभर स्वतःच्या खिशात. त्यावर बोलायचं, फोटो काढायचे, भर दुपारी पत्र्याखाली ठेवायचा. टिकला तर दुसऱ्या दिवशी पुढची पायरी. "एक पायरी, एक दिवस," हे त्यांचं पालुपद. ॲपमध्ये शेवटी एक चौकोन होता. त्यात खूण केली की फोन चालू होताना नवे आकडे आपोआप लागायचे. ती खूण ते अगदी शेवटी करायचे. तोवर फोन अडकला तर बंद करून चालू करायचा, जुने आकडे परत येतात. "परतीची वाट बुजवायची न्हाई," म्हणायचे.

त्यांच्याकडे सगळ्यात जास्त कोण येत असेल? मेंढरंवाले. दिवाळी झाली की ते कळप घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरतात, कधी या शेतात मुक्काम तर कधी त्या. चार्जिंग मिळेल तेव्हा मिळेल. त्यांना बॅटरी एक दिवस जास्त पुरली, तर तेवढा एक दिवस घर जवळ राहतं.

त्यातलाच बापू. म्हातारी आई गावी अंथरुणाला खिळलेली. निघायच्या आधी फोन घेऊन आला आणि म्हणाला, काही करा, पण ह्यो फोन बंद पडला नाही पाहिजे, आईचं काय सांगता येत नाही. मिस्त्रींनी दोन दिवसांत दोन पायऱ्या उतरवल्या. दुसरी पायरी उतरवली त्या सकाळी त्यांना आटपाडीला लग्नाला जायचं होतं. फोन माझ्या हातात देत म्हणाले, "आजचा दिस खिशात ठिव. बंद पडलं तर सांग. आत बोट घालू नगंस."

आता मी हुशार. वर्षभर शेजारी बसून सगळं बघितलेलं. दुपारपर्यंत फोन छान चालला आणि मला वाटलं, आणखी दोन पायऱ्या उतरवल्या तर बापूला आणखी एक दिवस मिळेल. उतरवल्या. तासभर चालला. चौकोनात खूणही करून टाकली. तेवढ्यात बापूच दारात. कळप उद्याच्या ऐवजी आजच निघाला होता. मी फोन त्याच्या हातात ठेवला आणि छाती काढून सांगितलं, चार दिवस चार्जिंगला बघायचं नाही. मिस्त्रींना काय सांगितलं? बापू फोन घेऊन गेला एवढंच.

आठवडा बरा गेला. मग एकदा फोन वाजता वाजता अडकला, बंद झाला आणि पुन्हा पुन्हा चालू होऊन बंद पडत राहिला. दर वेळी माझेच आकडे लागत होते. बॅटरी उतरली असेल असं समजून बापूने तो पिशवीत टाकला. त्या दोन दिवसांत त्याची आई गेली. भाऊ फोन लावून थकला, शेवटी माणूस पाठवला. बापू सापडून गावी पोचला तेव्हा माती होऊन गेली होती.

तो मिस्त्रींच्या दुकानात आला तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. त्याने फोन टेबलावर ठेवला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"मिस्त्री, आय गेली. मला तोंड दिसलं न्हाई."

मिस्त्रींनी कसलीकसली बटणं दाबून फोन चालू केला, ॲप उघडलं आणि आकडे बघितले. ते त्यांचे नव्हते. एकदा माझ्याकडे बघितलं, फक्त एकदा. मग बापूला म्हणाले, "चूक माज्या हातनं झाली, बापू." मी ग्लास हातात धरून उभा होतो. चहा गार झाला, पण माझं तोंड उघडलं नाही.

त्यानंतर त्यांनी फोनला हात लावला नाही. पुन्हा मोटारी भरू लागले. मला चहाला हाक मारायचे, पहिल्यासारखीच. रोज वाटायचं आज बोलू, आणि रोज संध्याकाळी मी शटर ओढून घरी जायचो. दोन वर्षं मी असाच भ्याडासारखा त्यांचा चहा प्यालो. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच.

दुकान रिकामं करताना मामींनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोने, तो बिस्किटाचा डबा मला दिला. बापूची चिठ्ठी तळाशी होती. वर मूळचे आकडे, खाली पहिली पायरी, दुसरी पायरी आणि तारखा. त्याखाली माझे आकडे. त्यांच्यापुढे तारीख नव्हती, माझं नावही नव्हतं. लिहिलं होतं, "एक दिवस मी स्वतः खिशात ठेवला नाही."

यंदा दिवाळीनंतर बापूचा कळप दहिवडीतून खाली निघाला. मिस्त्रींचं बंद दुकान बघून तो थांबला आणि त्याने मला विचारलं. मी सांगितलं. त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"लय भला माणूस," तो म्हणाला. "एकदाच चुकला."

मी डब्यातली चिठ्ठी काढून त्याला दिली. वाचता येत नाही, तूच वाच म्हणाला. मी वाचली. मग जे चिठ्ठीत नव्हतं तेही सांगितलं, रस्त्यात उभं राहून, सगळं. तोवर मेंढरं पुढे गेली होती.

"ह्ये तू मिस्त्रीस्नी सांगायचं हुतं," तो म्हणाला. चिठ्ठी माझ्या हातात परत देऊन मुंडासं बांधलं आणि कळपामागे चालू लागला.