बादलीतला समुद्र

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना घाबरवेल असं अख्ख्या अमेरिकेत काही नाही, आणि मला घाबरवणार नाही असंही काही नाही. आमच्या बेलव्ह्यू गावात काकू साडीवर स्नीकर्स घालून ड्राइव्ह करायच्या, एकदा पोलिसाने थांबवलं तर त्यालाच डिंकाचा लाडू दिला, वर म्हणाल्या, "हळू खा रे, दात सांभाळ." रिटायर्ड डॉक्टर ना, लिफ्टमध्येसुद्धा लोकांच्या जिभा बघायच्या.

त्यांच्या लेकाने अलास्काच्याही वर, बर्फाच्या समुद्रात जाणाऱ्या बोटीची तिकिटं काढली आणि ऐनवेळी स्वतःचं आणि बायकोचं जाणं कॅन्सल केलं, मग काकूंनी मला आणि माझ्या चार वर्षांच्या चिमीलाच उचललं. दोन दिवस मी केबिनबाहेर आले नाही, चिमीलाही सोडलं नाही, रेलिंगमधून पोर सटकलं म्हणजे? ती बिचारी खिडकीला नाक लावून बसायची.

तिसऱ्या दिवशी कुठे उतरायचं नव्हतं, नुसता आराम, सगळे डेकवर ब्लँकेटं घेऊन कॉफी पीत बसलेले, लांब बर्फाची पांढरी रेघ. काकू दारात उभ्या, हातात नारळ.

"ऊठ. आज नारळी पौर्णिमा. नारळ दे, मग समुद्र तुझ्या लेकीला काही करायचा नाही."

लेकीसाठी म्हटल्यावर गेले, तिचं मनगट घट्ट धरून. तर बोटीवरचा दाढीवाला गाइड आडवा आला, ह्या पाण्यात काही टाकायचं नाही, रूल आहे. तो दोरीने बादलीभर समुद्र वर काढून लोकांना त्यातले बारीक जीव दाखवत होता. काकूंनी बादलीकडे बघितलं.

"हे त्याचंच पाणी ना?"

"येस मॅम."

"मग झालं की!"

बादलीला बाहेरून हळदकुंकू, नारळ टेकवला, लोखंडी खुंट्यावर फोडला, सगळ्यांना खोबरं, गोऱ्या आज्या कुंकवासाठी रांगेत, गाइडच्याही कपाळावर टिळा!

"मम्मी, इट्स सो कोल्ड! टच इट!" चिमीचा हात बादलीत.

मग पाणी परत समुद्रात ओतायचं होतं. काकूंनी बादली माझ्यापुढे सरकवली, "तू ओत."

जड होती. दोन्ही हात लागणार होते.

सोडलं मी मनगट. रेलिंगपाशी जाऊन ओतलं, शेजारी चिमी खोबरं चावत खाली बघत होती, आणि काकूंनी तिला धरलंसुद्धा नव्हतं.

आता काकू लेकाच्या गावी, लांब शुगर लँडला राहायला गेल्या, वरचा मजला शांत असतो. चिमी पोहायला शिकते, खोल पाण्यात. मी काठावर उभी राहते. टॉवेल घट्ट धरून ठेवते, पण हाक मारत नाही.