तिसऱ्या मजल्यावरचा गणिताचा वर्ग

आमच्याकडे मुलाचं लग्न ठरलं की घरावर एक स्लॅब चढतो. मानपाड्याच्या आमच्या घरावर तीन चढले. पहिल्या मजल्यावर थोरला भाऊ, दुसऱ्यावर मी, तिसऱ्यावर धाकटा प्रफुल्ल आणि त्याची बायको कल्पिता. स्वयंपाक मात्र सगळ्यांचा एकच, तळमजल्यावर आईबाबांकडे. इंटरनेटही एकच, तेही तिथेच.

कल्पिता गणिताची बाई. आधी ठाण्याच्या एका क्लासमध्ये शिकवायची. मुलगी झाल्यावर ते सुटलं. यंदा एका ऑनलाइन क्लासने तिला दहावीचं गणित दिलं, पण तीन महिने पारखून घेऊ या अटीवर. शिकवताना वर्ग तीनदा तुटला तर नोकरी संपली. पहिल्याच महिन्यात दोनदा तुटला.

"वरती वेगळं कनेक्शन घेऊ का?" तिने जेवताना विचारलं.

बाबांनी ताटावरून मानही वर केली नाही. "आज लाईन येगली, उद्या चूल येगली. नाय चालाचा."

बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. विषय मिटला.

मी आयटीआय केलेला, त्यामुळे आपल्याला सगळंच कळतं असा माझा समज. मी वायफाय पुढे पोचवणारे दोन स्वस्तातले रिपीटर आणून पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर ठोकले. मोबाईलवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसायला लागल्या. "घे, झालं तुझं काम," म्हणालो. रविवारी तिने मैत्रिणीबरोबर चाचणी घेतली, तर चित्र आधीपेक्षा जास्त अडकलं.

दुसरी कोणी माझ्यावर डाफरली असती. कल्पिताने खडू घेतला. मोबाईलवर वेग मोजत ती जिना चढली आणि प्रत्येक मजल्याच्या भिंतीवर आकडा लिहिला. शंभर, पन्नास, वीस, आठ. मग मला हाक मारली.

"दादा, हे बघा. चढताना दर मजल्यावर अर्ध्यावर, नाहीतर त्याहून खाली येतंय. तुमच्या डब्यात रेडिओ एकच आहे. खालचं ऐकायचं त्यानेच आणि वर सांगायचं पण त्यानेच. एका वेळी एकच होणार ना?"

खोटं कशाला बोलू, मला चांगलाच राग आला. पण भिंतीवरच्या आकड्यांशी भांडता येत नाही.

तिने नवा संच मागवला. तीन डबे, प्रत्येकात तीन रेडिओ. एक रेडिओ फक्त डब्यांनी आपसात बोलायला, उरलेले दोन आपल्या टीव्ही-मोबाईलना. बाबांना तिने सांगितलं, "बाबा, लाईन एकच आहे. एकाच शेगडीवर भात उतरेपर्यंत कालवण थांबतं ना? हा तीन बर्नरचा गॅस समजा."

बाबा "हं" म्हणाले. त्यांच्या 'हं'चा अर्थ, कर, पण तोंडावर पडलीस तर सांगू नकोस.

पडलीच ती. खोलीत ठेवलेल्या डब्याला स्लॅबमधून खालच्याचं धड ऐकूच येईना. आकडा अठरा. प्रफुल्ल म्हणाला, "जाऊ दे, सोड ना." ती म्हणाली, "का सोडू?" आणि आठवडाभर डबे हलवत राहिली. शेवटी तिन्ही जिन्यात, एकमेकांना दिसतील असे लावले. जिन्याच्या पोकळीत स्लॅब आडवा येत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा आठ पुसून तिने सत्तर लिहिले.

शनिवारी साडेपाचला क्लासचे साहेब स्वतः तिचा वर्ग बघणार होते. मी म्हटलं, तासभर घरातलं सगळं बंद ठेवू.

"अजिबात नाही. टीव्ही चालू दे, पोरांचे गेम चालू देत. मी काय रोज सगळ्या घराला गप्प बसवणार आहे?"

मी मॅच लावली, पण लक्ष सगळं वर. पावणेसहाला लक्षात आलं, तळमजल्यावरच्या टीव्हीचा आवाज मघाच थांबलाय. खाली नेटचं काही बिघडलं की काय! धावत खाली गेलो. टीव्ही बंद, बाबांची खुर्ची रिकामी.

ते सापडले तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेल्यापासून पहिल्या मजल्यावरही न चढलेला माणूस, कल्पिताच्या बंद दाराबाहेर पायरीवर धापा टाकत बसला होता. आतून वर्गसमीकरण ऐकू येत होतं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. साडेसहापर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.

दार उघडून कल्पिता दचकली. "बाबा, तुम्ही? इथे?"

"तुटला का?"

"नाही. एकदा पण नाही."

कठडा धरून बाबा उठले. "मंग उद्यापासून दार उघडा ठेव. माजी सून काय शिकवते ता सगल्यांना आयकू दे."

इतके दिवस डोळ्यांत टिपूस न आणलेली कल्पिता तिथेच दाराला टेकून रडायला लागली.