रतनबाईच्या वाट्याचा खरवस

कलाबाई तशी तापट नव्हती, पण एकदा तिच्या मनात अढी बसली की ती तिच्या नवऱ्याला, सहादूलाही कधी सोडवता आली नाही. श्रीगोंद्याकडच्या उसाच्या पट्ट्यातलं तिचं गाव. घरी एक गाय, रानाचा छोटा तुकडा आणि त्याच्या बांधाला लागून रतनबाईचं शेत. दोघींनी उमेदीची सगळी वर्षं एकमेकींच्या शेजारी बसून खुरपण्यात घालवली.

रतनबाई मराठ्याघरची, कलाबाई बौद्धवस्तीतली. कलाबाईच्या आईसाठी मालकाच्या घरी वळचणीला वेगळी कपबशी खोचून ठेवलेली असायची. ती कपबशी कलाबाईनं लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती. आणि इथं रतनबाई तिच्या ओट्यावर बसून, तिच्याच कपातून चहा पीत होती. मग कलाबाईही चहात पाण्याचा थेंब घालायची नाही. नुसत्या दुधाचा चहा, वर साय. रतनबाई तो फुंकत फुंकत संपवायची आणि लगेच उठायची.

"बस की जरा," कलाबाई म्हणायची.

"न्हाई बाई, घरी कामं पडल्यात."

दर वेळी हेच. हिला घराचं लई वेड, म्हणून कलाबाई हसायची.

गाय व्याली की पहिला चीक विकायचा नसतो, तो शेजारीपाजारी वाटायचा. कलाबाई त्याचा वेलची घालून खरवस करायची आणि पहिला डबा रतनबाईकडे जायचा. तो डबा कधी रिकामा परत आला नाही, त्यात मूठभर ज्वारी यायचीच. एका वेतानंतर कलाबाई डबा देऊन आली आणि खुरपं तिथंच विसरलं म्हणून मागच्या वाटेनं परत गेली. परसात रतनबाई उकिडवी बसली होती. पुढ्यात कुत्रा. कुत्र्याच्या ताटलीत कलाबाईचा खरवस.

कलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती खुरपं न घेताच आल्या पावली परत फिरली. दुसऱ्या दिवशी रतनबाई ज्वारी घातलेला डबा घेऊन आली आणि म्हणाली, "लई ग्वाड झाला हुता गं." त्या एका खोट्यानं सगळं संपलं. कलाबाईनं डबा घेतला, चहा ठेवला नाही. पुढं बांधावर गाठ पडली तरी ती मान फिरवायची. रतनबाई दोनदा हाक मारायची, मग खाली बघून निघून जायची.

कलाबाईला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. जिनं आईची ती कपबशी पाहिली, तिनं त्या ताटलीचा दुसरा अर्थ कुठून काढावा?

पुढच्या उन्हाळ्यात रतनबाईनं अंथरूण धरलं. तिची सून स्नेहल निरोप घेऊन आली.

"मावशी, आत्यांनी बोलवलंय. लई आठवण काढत्यात."

कलाबाई गाईला वैरण टाकत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "तिला इचार, माझा खरवस कुनी खाल्ला?"

स्नेहल गेली. त्याच आठवड्यात रतनबाईही गेली. कलाबाई मयताला लांब उभी राहिली, सगळ्यात मागं.

दहावं झाल्यावर स्नेहल पुन्हा आली. कलाबाईनं सवयीनं दूध चुलीवर ठेवलं, तशी स्नेहल रडायलाच लागली.

"मावशी, आत्यांना दूध पचतच नव्हतं. घोटभर घेतलं तरी पोटात गुबारा धरायचा, मुरडा यायचा. घरी कायम कोरा चहा. तुमच्याकडनं आल्या की डबडं घेऊन आधी मागं पळायच्या."

"दूध पचत न्हाई? आन् तिच्या दारात जर्शी गाया?"

"डॉक्टर म्हनले, हा रोग न्हाई. लहानपनी दूध पचतं, मोठेपनी लई जनांचं बंद हुतं. आमी म्हनायचो, कलामावशीला सांगून टाका. तर म्हनायच्या, तिला खरं वाटायचं न्हाई. कलीच्या घरचा कप मी परत सारला, तर तिला काय वाटंल?"

कलाबाईचं चुलीकडं लक्षच राहिलं नाही. दूध उतू जाऊन चुलीत सांडलं. इतकी वर्षं आपण मायेनं पाजला तो चहा नव्हता, दुखणं होतं. आणि ती मुकाट पीत राहिली, कप परत सारायला नको म्हणून.

"आगं मग सांगायचं हुतं की, सटवे!" कलाबाई ओरडली. ते स्नेहलला नव्हतं. "मी कोऱ्या चहाचं आधण ठिवलं आसतं! आन् माझा निरोप... तो सांगितलास का तिला?"

स्नेहलनं डोळे पुसले. "सांगितला. मग म्हनल्या, कलीची गाय आता व्याली की खरवस मागून आन. ह्या वक्ताला तिच्या म्होरं बसून खाते."

गाय पोळ्याच्या आधी व्याली. कलाबाईनं खरवस केला, वेलची घातली, वाटे लावले आणि पहिला डबा घेऊन मागच्या वाटेनं रतनबाईच्या परसात गेली. कुत्रा म्हातारा झाला होता, तरी वासानं उठला. रतनबाई बसायची तशीच कलाबाई त्याच्यापुढं उकिडवी बसली आणि सगळा डबा ताटलीत उपडा केला.

"खा रं बाबा," ती म्हणाली. "तिच्या वाट्याचा हाय."