गुंडूचा कौल

देव आपल्याशी बोलतो, हे मी जवळजवळ सगळं आयुष्य धरून चाललो होतो. आता कुणी तसं विचारलं तर माझ्या तोंडून पटकन हो निघत नाही. नाही म्हणायचीही छाती होत नाही. तेव्हा जे घडलं ते घडलं तसं लिहावं, एवढंच मनाशी ठरवलं आहे. वाचणाऱ्याने त्यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

आमचं मूळ गाव कोकणातलं. नंजनगूडच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून मी बायको-मुलाला घेऊन शेजारच्या म्हैसूरला राहायला आलो, आणि इथली हवा अशी काही मानवली की निवृत्तीनंतरही परत जायचं नाव काढलं नाही. मुलगा शिकून परदेशी गेला. घरात मी आणि सुनंदा, माझी पत्नी, अशी दोनच माणसं उरली. गावाहून येताना मी दोन गोष्टी आणल्या होत्या. आईने दिलेला वीतभर उंचीचा पितळी गणपती, आणि कौल लावायची सवय. गावी देवळात गुरव कौल लावायचा, तसा मी घरीच लावत असे. देवाच्या उजव्या आणि डाव्या खांद्यावर तगरीची एकेक ओली पाकळी चिकटवायची, मनात प्रश्न धरायचा आणि वाट बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. इथले कानडी शेजारीही देवाकडे उजव्या बाजूचं फूल मागतात हे कळलं, तेव्हा तर मला हे गाव फारच आपलं वाटलं. मुलाचं कॉलेज, घराची खरेदी, अगदी नवा फ्रिज कोणत्या आठवड्यात आणायचा, सगळं मी पाकळ्यांवर ठरवलं. सुनंदा म्हणायची, "अहो, त्याचं काम बुद्धी द्यायचं. तुम्ही त्याला चौकशीच्या खिडकीवर बसवलंय." मी रागवायचो. ती हसून आत जायची.

लष्कर मोहल्ल्यात यशोदक्का नावाची एक शिंपीण आहे. तिचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इथे येऊन स्थायिक झालेलं, घरात मराठी बोलणारं, मशीनच्या वर विठोबाची तसबीर लावणारं. सुनंदा साड्यांचे फॉल-पिको तिच्याकडून करून घ्यायची. या यशोदक्काला कुत्र्यांचं वेड. लोक घर बदलतात, गाव सोडतात, पिल्लू म्हणून हौसेने आणलेला लॅब्रॅडॉर मोठा झाल्यावर नकोसा होतो आणि मग त्याला कुठेतरी सोडून देतात. असं कुत्रं सापडलं की त्याला कायमचं घर मिळेपर्यंत ती दुकानामागच्या आपल्या खोलीत सांभाळायची. फॉस्टर म्हणतात त्याला. तिच्याकडे गुंडू आला होता. सात-आठ वर्षांचा, फिकट पिवळा, मागच्या पायांत थोडा जड.

पहिल्यांदा त्याला बघून आली त्या दिवशी सुनंदाने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. दारातूनच सांगायला लागली. "अहो, त्याने माझ्या पावलावर हनुवटी टेकली आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला! अगदी तुम्ही कारखान्यातून येऊन सोडायचात तसा." मग म्हणाली, "आपण आणू या का त्याला?"

मला कुत्रं नको होतं, हे आधी कबूल करतो. सोफ्यावर केस, देवघराशी वावर, कुठे जायचं म्हटलं की त्याची सोय, शिवाय या वयात आजारी जनावराचं करायचं कोणी? पण हे तोंडावर बोलण्याऐवजी मी म्हणालो, "कौल लावतो." पाकळी डावी पडली. "बरं," असं म्हणून ती भाजी निवडायला बसली. काही दिवसांनी तिने पुन्हा विषय काढला, मी पुन्हा कौल लावला. पुन्हा डावी. तिसऱ्या वेळीही डावीच. तिने कधी वाद घातला नाही. यशोदक्काची एक अट होती, हे तिनेच मला सांगितलं होतं. घरातल्या सगळ्यांनी तिच्याकडे येऊन हो म्हटल्याशिवाय ती कुत्रं देत नाही. एकाची हौस आणि दुसऱ्याची कटकट, अशा घरातून कुत्री परत येतात म्हणे. ते ऐकून मला सुटल्यासारखं झालं होतं.

तेव्हापासून दर गुरुवारी सुनंदा लष्कर मोहल्ल्यात जायला लागली. विचारलं की म्हणायची, "ब्लाऊज द्यायचाय," नाहीतर "ब्लाऊज आणायचाय." खुंटीवरची निळी कापडी पिशवी काखोटीला मारून निघायची आणि तासा-दीड तासाने खुशीत परत यायची. एकदा मी चिडून म्हणालोही, "त्या ब्लाऊजला काय सोन्याची जर लावतेय का ती बाई?" त्यावर सुनंदा इतकी हसली की तिला ठसका लागला. माझ्या डोक्यात तरीही प्रकाश पडला नाही.

श्रावणात एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षा मिळाली, दवाखाना जवळ होता, डॉक्टरही जागेवर होते. कौल लावायला वेळ नव्हता आणि मला ते सुचलंही नाही. दुपारच्या आत ती गेली. मुलगा आला, दिवस-कार्य झालं, मुलगा परत गेला. मी पूजा करत राहिलो, कारण सकाळी उठून दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. पण देवाकडे बघून काही विचारावंसं वाटेना.

दिवाळीच्या थोडं आधी सुनंदाचा फोन वाजला. तो मी अजून चार्ज करून ठेवत होतो; आधी वाजला तेव्हा उचलायची हिंमत झाली नव्हती, त्या दिवशी उचलला. पलीकडून बाईचा आवाज आला, "अक्का, किती दिवस झाले! ब्लाऊज तयार आहे, येता का आज? जरा लवकर या." मी कसंबसं "येतो" म्हणालो आणि फोन ठेवला. कुणाला तरी पाठवू, नाहीतर राहूच दे, असं मनात येऊन गेलं. पण पाय चपलांकडे गेले, आणि सवयीने खुंटीवरची तिची पिशवी हातात आली.

यशोदक्का मशीनवर बसली होती. मी कोण ते सांगितलं आणि मग बाकीचं सांगितलं. तिने मशीनवरचा हात काढला, पण पुढे कुठे ठेवावा हे तिला कळेना. "अय्यो देवा," एवढंच म्हणाली. डोळे पुसले, मग मला स्टूल दिलं. "बन्नी, या अण्णा, बसा. मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं अक्का मुलाकडे गेल्या."

तिने ब्लाऊज काढून दिला. जांभळा, जुनाच, सुनंदाच्या अंगावर कितीतरी वेळा पाहिलेला. मी विचारलं, बाकीचे?

"बाकीचे कुठले, अण्णा? हा एकच. एका गुरुवारी म्हणायच्या, सैल कर. मत्ते, मग पुढच्या गुरुवारी, घट्ट कर. तीच शिलाई उसवायची, तीच घालायची." ती ओल्या डोळ्यांनी हसली. "मला कळत होतं, अल्वा, नाही का? मी पण सुम्ने, उगीच आपली करत बसायची. तेवढा वेळ त्या आत गुंडूजवळ बसायच्या, त्याला टोस्ट द्यायच्या, त्याच्याशी गप्पा मारायच्या."

मी म्हणालो, "मी नाही म्हणत होतो. तुम्हाला माहीत असेल."

"नाही म्हणता असं त्यांनी कधी सांगितलं नाही. म्हणायच्या, आमच्याकडे देवाला विचारून करतात. थोडा वेळ लागतो, पण देव देईल." मग ती खाली बघून म्हणाली, "मी पुष्कळ दिवस थांबले, अण्णा. दोन घरांना नाही म्हटलं. अक्का येईनात, फोन उचलला जाईना, मग नंजनगूडच्या एका घराला शब्द दिला. आज दुपारी यायचे आहेत. म्हणून सकाळीच फोन केला, जाण्याआधी अक्कांनी त्याला एकदा बघावं."

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. कुत्रं हवं अशी इच्छा तेव्हाही माझ्या मनात नव्हती. फक्त एवढं वाटलं, की त्याच्याजवळ सुनंदाचे कितीतरी गुरुवार आहेत आणि ते दुपारी नंजनगूडला जाणार आहेत. मी त्याला बघू का, असं विचारलं. तिने मागचं दार उघडलं.

गुंडू गोणपाटावर आडवा होता. माझ्याकडे त्याने एकदा बघितलं आणि डोकं पुन्हा खाली टेकवलं. त्यात त्याची काय चूक? मग त्याचं नाक हललं. तो मागचे पाय सावरत उठला, माझ्यापर्यंत आला आणि माझ्या हातातल्या पिशवीत त्याने तोंड घातलं. तळाशी टोस्टचा चुरा होता. तो त्याने चाटून संपवला. मग पिशवीचे बंद दातांत धरून, माझ्या हातातून अलगद ओढून घेऊन, दुकान ओलांडून तो रस्त्याच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. तिथे इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि पिशवी तोंडात धरूनच पायरीवर बसला. कुणाची वाट बघतोय ते मला कळलं, यशोदक्कालाही कळलं. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत राहिलो.

मग ती म्हणाली, "नंजनगूडवाल्यांना मी समजावते. चांगली माणसं आहेत, त्यांना दुसरा देईन." आणि मग, प्रत्येकाला विचारायची म्हणून सवयीने तिने मला विचारलं, "घरातले सगळे हो म्हणतात ना?" विचारलं आणि जीभ चावली.

"म्हणतात," मी म्हणालो. "सगळे हो म्हणतात." घरात आता मी एकटाच होतो.

रात्री गुंडू सुनंदाच्या पलंगाखाली झोपला. सकाळी मात्र माझ्या जुन्या स्वभावाने डोकं वर काढलं. देवाला न विचारता मी एवढी मोठी गोष्ट करून बसलो होतो. पूजेसाठी मी जमिनीवर मांडी घालून बसतो, त्यामुळे आमचा देव बुटक्या चौरंगावर असतो. पाकळ्या ओल्या केल्या आणि कितीतरी महिन्यांनी प्रश्न धरला. याला ठेवून घेऊ ना?

उजवी पाकळी लावताना माझं लक्ष माझ्याच अंगठ्याकडे गेलं. मी ती खांद्यावर हलकेच टेकवली होती, जेमतेम. आणि डावी? डावी चांगली दाबून बसवली होती. उजवीच पडावी म्हणून. मी तसाच हात आखडून बसलो. सुनंदासाठी लावलेले ते तीन कौल मी कसे लावले होते? तेव्हा माझ्या अंगठ्याने कोणती पाकळी दाबली होती? खरंच आठवत नाही. आठवत नाही हे देवासमोर म्हणायलाही लाज वाटली. इतकी वर्षं देव माझ्याशी बोलला की मीच मला पाहिजे ते त्याच्या तोंडी घातलं, हे आता मला कधीच कळणार नाही.

मी घंटा वाजवली नव्हती, तरी गुंडू आला. बहुधा नैवेद्याच्या गूळ-खोबऱ्याचा वास लागला असेल. तो माझ्या आणि देवाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत घुसला, माझ्या पावलावर हनुवटी टेकली आणि सुस्कारा सोडला. अगदी तिने सांगितलं होतं तसा. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याची शेपटी हलायला लागली. लॅब्रॅडॉरची शेपटी म्हणजे काय चीज आहे हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. पहिल्या फटक्यात कुंकवाचा करंडा गेला, दुसऱ्यात उजवी-डावी दोन्ही पाकळ्या, आणि तिसऱ्यात चौरंगावरचा गणपती तोल जाऊन थेट माझ्या मांडीवर येऊन पडला.

मी मोठ्याने हसलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच हसलो. आणि हसता हसता स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "अगं सुनंदा, बाहेर ये, बघ याने काय केलं!"

आतून कुणी आलं नाही. गुंडूने कान टवकारून दाराकडे बघितलं, मीही बघितलं. मग मांडीवर देव आणि पायावर कुत्रं घेऊन मी पुष्कळ वेळ रडलो.

त्यानंतर मी कौल लावलेला नाही. तो खोटा आहे असं म्हणायची माझी पात्रता नाही. गावच्या देवळात लावतात, तिथे जाऊन आजही हात जोडीन. पण मी ज्याला शरण जाणं समजत होतो ते तसं नव्हतं, एवढं मला उमगलं. शरण जाणारा माणूस दारी आलेलं आधी आत घेतो. मी सगळं दाराबाहेर उभं करून ठेवत होतो आणि देवाला पुढे करत होतो. देवाने तरीही माझ्यावर राग धरला नाही. त्याने एका शिंपिणीला आशा सोडू दिली नाही, नेमक्या त्या सकाळी फोन लावायला लावला आणि माझ्या हातात ती पिशवी दिली. ही कृपा मी रोज मोजूनमापून बघत नाही, नमस्कार करतो आणि पुढे जातो.

दर गुरुवारी आम्ही दोघं लष्कर मोहल्ल्यात जातो. गुंडू पिशवी तोंडात धरून पुढे चालतो. यशोदक्का त्याला टोस्ट देते आणि मला चहा. घरी आल्यावर तो दारातच थांबतो, पिशवी खाली ठेवतो आणि आत कुणी येतंय का बघतो. मी त्याला हाक मारून आत घेतो.

देवाला मी हजार गोष्टी विचारल्या. सुनंदाला, "तुला काय हवंय गं," एवढं एक विचारायचं राहून गेलं.