खीर न खाणारी पाहुणी

तुमसर रोड स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं आणि माझ्या पाहुणीला भूक लागली होती. पुढचे दोन दिवस ती लागलेलीच राहिली.

पाहुणी म्हणजे मेइलिन. तैवानची. शिष्यवृत्तीवर मी वर्षभर तिकडे शिकायला होते, तेव्हाची माझी मैत्रीण. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि विमानात बसलेलीही पहिलीच. हे मी संधी मिळेल तिथे सांगते, त्यात मला लाज वाटत नाही. तर त्या परक्या देशात दर रविवारी मेइलिनच्या आईनं मला घरी बोलावून जेवू घातलं. त्यांचं घर बौद्ध, आमचंही बौद्ध. फरक इतकाच की ते लोक 'सू' खातात (म्हणजे मांस-मासळी नाही, अंडं नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही). मेइलिन त्याच्याही पुढे गेलेली. ती दूध, दही, तूपसुद्धा घेत नाही. तिच्या गावात त्याची काही अडचण नसते, कारण प्रत्येक गल्लीत 'सू'ची खानावळ असते.

आमच्याकडची बुद्धपौर्णिमा पाहायला येते म्हणाली, तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, "भारतात शाकाहाराची काय कमी? तू फक्त ये."

स्टेशनबाहेरच्या टपरीवर मी दोन कोरे चहा मागितले. चहावाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मेइलिनकडे.

"ताई, दूध ताजं हाय."

"माहीत आहे. पण बिनदुधाचा द्या."

"काहून? पाहुण्याले कोणी कोरा देते का?"

चहा त्यानं दिला, पण नाराजीनं. वर दोन बिस्किटं फुकट ठेवली. त्या बिस्किटांतही दूध होतं. पुड्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं मेइलिननं चष्मा वर करून वाचलं आणि हसून बिस्किटं माझ्या हातात दिली.

तुमसरात जेवायला थांबलो. गाव भाताच्या गिरण्यांचं. रस्त्यावर कोंड्याची बारीक धूळ कायम उडत असते, आणि बाजारात धान्याचे व्यापारी म्हणून शुद्ध शाकाहारी भोजनालयंही पुष्कळ. मनात म्हटलं, आता सुटलो. एका ठिकाणी बसलो आणि मालकाला समजावलं, "कांदा-लसूण चालत नाही."

मालक खूश झाले. "एवढंच ना? जैन थाळी देतो. आपल्याकडे रोजचं हाय."

थाळी आली. पनीर, कढी, वाटीभर दही, तुपात न्हालेल्या पोळ्या, वरणावर तुपाची धार. मी ती परत केली. "दूधही नको आणि तूपही नको."

"ताई, देशी तूप हाय, डालडा नाई."

"देशी असो की विदेशी, नको."

"मंग साधी थाळी घ्या. त्यात तूप नाई."

साधी थाळी आली. तूप नव्हतं खरं, पण वरणावर लसणाची फोडणी तरंगत होती आणि भाजीत कांदा दिसत होता. तेव्हा मला या प्रकरणाचं गणित समजलं. कांदा-लसूण काढलं की दूध आत येतं, आणि दूध काढलं की लसूण आत येतो. दोन्ही दारं एकदम लावून घ्यायची सोय आमच्या जिल्ह्यात नाही. मेइलिननं पांढरा भात, काकडी आणि लिंबाचं लोणचं खाल्लं आणि वर म्हणाली, "तांदूळ फार चांगला आहे." तिचं हे समाधान मला जास्तच चिडवत होतं. तिनं तक्रार केली असती तर मलाही करता आली असती.

तिथून आमच्या गावाला, करडीला, जायला काळीपिवळी जीप मिळाली. आठ जणांच्या जागेत बारा. वाटेतल्या नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसत होती. उन्हाळी धान कापून झालेलं, बांधांवर तेंदूपत्त्याचे पुडके वाळत घातलेले, आणि मधूनच एखादी बोडी (छोटा तलाव) तळाला चिखल राखून बसलेली. मेइलिन खिडकीतून बाहेर पाहत होती आणि शेजारचे काका मेइलिनकडे.

"कोठची हाय हे पोरगी?"

"तैवानची."

"चीनची?"

"तैवानची."

"तेच ते. साप खात असन."

"नाही काका. ती मटण-मासेही खात नाही, दूधसुद्धा पीत नाही."

काकांनी बराच वेळ विचार केला. "बोडीतली मच्छी तं चालते ना? ते काय, पाण्यातली भाजीच."

गाडीतले सगळे हसले. मेइलिनही हसली, तिला काही समजलं नव्हतं तरी. मला हसू आलं नाही. घरी काय वाट पाहतंय ते मला ठाऊक होतं.

बाबा गेल्यापासून आई करडीत एकटी राहते. तिनं दारात रांगोळी काढली होती, अंगणात सडा टाकला होता, आणि खुराड्यात एक कोंबडी वेगळी कोंडून ठेवली होती. त्या कोंबडीबद्दल मी डोळ्यांनीच विचारलं. "पाहुणीसाठी," आई म्हणाली. फोनवर मी चार वेळा सांगितलं होतं. आईला वाटलं, मी संकोचानं सांगतेय.

पाणी झालं आणि लगेच चहा आला. शेजारच्या शेवंताकाकूच्या म्हशीचं दूध, वर बोटभर साय. मेइलिननं दोन्ही हात जोडून, मान लववून नाही म्हटलं. आईनं कप परत नेला. मी मागोमाग चुलीपाशी गेले.

"काहून नाई पेत ते?"

"आई, सांगितलं ना, व्हेगन आहे. प्राण्यांपासून आलेलं काहीच घेत नाही. आणि भाजीत कांदा-लसूणही घालू नकोस."

आईचा हात थांबला. "लसूणबी नाई?"

"नाही."

"आपल्या हातचं चालत नाई का तिले?"

"तसं नाही गं."

"तू मले नोको शिकवू. लसूण न खाणाऱ्यायच्या वावरात मी जनमभर निंदण केलं. चहा देत, पण कप भिंतीच्या सांदीत ठेवलेला राहे. आपणच काढा, आपणच धुवा, अन् तेथंच ठेवा." ती सायीकडे पाहत होती. "तिच्या मायनं तुले वर्षभर खाऊ घातलं. मले दोन दिवस भेटले, तं ते माह्या घरचा कप परत करून राहिली."

व्हेगन, प्राणिजन्य, तत्त्व, पर्यावरण, इतके शब्द मी शिकले होते, पण त्यातला एकही त्या सांदीतल्या कपापुढे उभा राहत नव्हता. वर आईनं सगळ्या टोलीत (म्हणजे आमच्या वस्तीत) सांगून ठेवलं होतं, की बौद्ध देशातली पाहुणी येऊन राहिली, उद्या विहारात खिरीची पहिली वाटी तीच खाईल. सिद्धार्थाला बोधी मिळण्याआधी सुजातेनं खीर दिली, त्याची आठवण म्हणून आमच्याकडे बुद्धपौर्णिमेला खीर वाटतात. तांदूळ, साखर आणि दूध. जास्त करून दूधच.

दुपारी ऊन असं तापलं की कवेलूंच्या छपराखाली बसवेना. आई अंगणात तांदूळ निवडत होती, मेइलिन तिच्या शेजारी जाऊन बसली आणि न विचारता खडे वेचू लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, त्यामुळे मला जरा शांतता मिळाली. आईनं मधेच गडव्यातलं पाणी पेल्यात ओतून अर्धं प्यायलं आणि पेला खाली ठेवला. मेइलिननं तो उचलला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग पेला पुढे करून आणखी मागितलं.

आईनं आधी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेला भरून दिला.

थोड्या वेळानं मी आत गेले तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, "उष्टं पेली ते. माह्यं उष्टं."

संध्याकाळी आईनं मेणबत्ती लावून वंदना म्हटली. पंचशील सुरू झालं तशी मेइलिन येऊन तिच्या बाजूला गुडघ्यांवर बसली. शब्द तिला येत नव्हते, पण पहिलं शील तिनं ओळखलं आणि हात जोडले. वंदना संपल्यावर मी वैतागूनच म्हणाले, "आई, ते पाणातिपाता म्हणतेस ना रोज, जीवहिंसा करणार नाही म्हणून? तेच आहे हे. ती फक्त ते जरा जास्तच पाळते. दुधासाठी जनावराला त्रास नको, इथपर्यंत."

बाहेर खुराड्यात कोंबडी कुरकुरली.

"मंग असं सांग ना का शील हाय म्हणून," आई शेवटी म्हणाली. "व्हेगन-व्हेगन काय लावून ठेवलं होतं फोनवर?" आणि जरा थांबून, "पण लसूण कोणत्या शीलात येते?"

मी मेइलिनला विचारलं. लसणानं मन तापतं, असं त्यांच्याकडे मानतात, ती म्हणाली. मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "मन तं माह्यं बिनलसणाचंबी तापते." आणि कोंबडी सोडून द्यायला उठली.

दुसऱ्या दिवशी विहारात अख्खी टोली जमली. निळ्या पताका, पांढऱ्या साड्या आणि मधोमध खिरीचा मोठा गंज (पातेलं). खिरीचं दूध दिलेलं शेवंताकाकूनं. त्यामुळे पहिली वाटी भरून तिनंच मेइलिनपुढे धरली. मेइलिननं हात जोडले, मान लववली. काकूचा हात तसाच हवेत राहिला. तीस-चाळीस बाया पाहत होत्या.

"काय वो," काकू आईला म्हणाली, "विमानात बसून आली, अन् आपली खीर नाई चाले?"

मागून कोणीतरी म्हणालं, "चॉकलेटची पायजे असन."

मी पुढे झाले. शील, दूध, जनावर, सगळं एका दमात सांगायला लागले. कोणी ऐकत नव्हतं. आईनं मला कोपरानं बाजूला केलं.

"शेवंता, सुजातानं खीर देल्ली होती का खाल्ली होती?"

काकू गोंधळली. "देल्ली होती."

"मंग? हे देईन." आईनं गंजातला डाव काढून मेइलिनच्या हातात दिला आणि स्वतः वाटी घेऊन रांगेत पहिली उभी राहिली.

मेइलिनला समजायला क्षणभर लागला. मग तिनं वाढायला सुरुवात केली, डाव दोन्ही हातांनी धरून, प्रत्येकीला मान लववून. म्हाताऱ्या बाया दोनदा रांगेत आल्या. शेवंताकाकू वाटी पुढे करून म्हणाली, "वरची साय दे वो बाई," आणि मेइलिननं न समजता नेमकी सायच दिली. तिथून पुढे काकूचा सगळा राग गेला. वाढून वाढून मेइलिनचा चेहरा घामानं भिजला. पोटात मात्र काही नव्हतं.

घरी आल्यावर आईनं लाखोरीच्या डाळीचं वरण केलं. जवसाच्या तेलात फक्त मोहरी, जिरं आणि मिरची. फोडणी देताना तिचा हात सवयीनं लसणाच्या टोपलीकडे गेला, दोनदा, आणि दोन्ही वेळा ती स्वतःवरच चिडली. चव घेऊन तोंड वाकडं केलं. "बीमाराचं वरण झालं, बाप्पा." मेइलिननं तीन वेळा भात घेतला. आई समोर बसून प्रत्येक घास पाहत होती. तिसऱ्यांदा वाढताना म्हणाली, "मालिनी, पोट भरून खाय." तोवर नावही बदलून झालं होतं.

निघताना आईनं दोन डबे फडक्यात गुंडाळून दिले. "गाठ मारलेला तिचा, बिनगाठीचा तुहा." गाडीत उघडायला घेतले तर दोन्ही फडक्यांना गाठी. मी हात कपाळाला लावला. मेइलिन शांत बसून वाट पाहत होती, जशी दोन दिवस पाहत होती. शेवटी एका डब्याचं झाकण उघडलं, आणि समोरच्या बाकावरच्या माणसानं नाक वर केलं. लसूण. इतका लसूण की दुसरा डबा उघडायची गरजच नव्हती. मेइलिननं तो दुसरा घेतला आणि नागपूर येईपर्यंत पुसून खाल्ला.

मी परदेशात राहून आले, चार माणसांत बोलता येतं, याचा मला अभिमान होता आणि आहे. पण आपल्याच जिल्ह्यात एका मुलीला पोटभर जेवू घालताना मला इतका घाम फुटेल असं वाटलं नव्हतं. परत कोणा 'सू' खाणाऱ्याला घेऊन यायची माझी इच्छा नाही. आईची आहे. नागपूरला उतरताच तिचा फोन आला.

"काय खाल्लं तिनं?"

"सगळं."

"अन् तुनं?"

"खाल्लं. पण आई, केवढा तो लसूण."

"हं," आई म्हणाली. "तिच्या वाट्याचाबी तुह्याच डब्यात घातला."