आधी पाणी

त्या सकाळी दाराची कडी वाजली तेव्हा मी शाळेला निघायच्या गडबडीत होते. दारात छबी उभी होती. माझ्या मैत्रिणीच्या, शेवंताच्या भावाची मुलगी; जन्मापासून ऐकू न येणारी, आता वीस-एकवीस वर्षांची. पोशीरहून नेरळपर्यंत चालत आणि पुढे मिळेल त्या टेंपोने ती कर्जतला आली होती. घामाने निथळत होती, एका चपलेचा अंगठा तुटला होता. माझ्या तोंडाकडे बघत ती एवढंच म्हणाली, "आत्या..." आणि हात आडवा धरून हळूच खाली नेला. शेवंता दोन आठवडे काविळीने भावाच्या घरी पडून होती, हे मला माहीत होतं. काही विचारण्याआधी मी आत गेले आणि तांब्याभर पाणी आणून छबीच्या हातात दिलं. ती प्यायली, मग आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून रडलो. आधी पाणी द्यायचं, हे मला शेवंताने शिकवलं होतं आणि ते शिकायला मला लाज वाटेपर्यंत वेळ लागला होता.

नंतर शोकसभा झाली. तीन वक्ते बोलले आणि तिघांनीही तिला 'सोशीक' म्हटलं. सोशीक म्हणे! सतरा वर्षं मी तिला जवळून पाहिलं. सोसायची वेळ आली की ती पदर खोचून भांडायला उभी राहायची. गेलेल्या माणसाला गोड करून टाकायची आपली रीत आहे. शेवंताच्या बाबतीत मी ती चालू देणार नाही, म्हणून हे लिहायला बसले.

ती पोशीरला बालवाडी चालवायची. तीन वर्षांच्या छबीला ती रोज काखेत घेऊन यायची आणि पुढच्या रांगेत बसवायची. गावातल्या बाया म्हणायच्या, "मुकी पोर हाय गं, तिला कशाला बसवतीस?" ही म्हणायची, "बसायला कुठं बोलावं लागतं?" पण नुसतं बसवून भागणार नाही, हे तिलाही कळत होतं. ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना शिकवायचं एक वर्षाचं प्रशिक्षण पुण्याला मिळतं, असं कुणीतरी सांगितलं आणि ती ट्रंक घेऊन निघाली. त्याच वर्षी मीही गेले. आमचं घर कर्जतच्या बाजारपेठेतलं, वडील वकील. वसतिगृहात आम्हा दोघींना एकच खोली मिळाली. आईने पत्रातून विचारलं, "खोलीत सोबत कोण आहे? कुणातली?" मी उत्तर लिहिलं, "पोशीरची आहे. घोरत नाही."

प्रशिक्षण कडक होतं. मुलाला आरशासमोर बसवायचं, त्याचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायचा, 'प' म्हणताना तोंडापुढची कागदाची पट्टी कशी हलते ते दाखवायचं. हे सगळं शेवंता माझ्यापेक्षा लवकर शिकली. तिचं बिनसलं ते दोन नियमांशी. पहिला, शिकवताना आपले हात पाठीमागे. हात बोलले की मुलाचं तोंड आळशी होतं, असं बाई सांगत. दुसरा, मुलाला जे हवं ते त्याने आवाज काढल्याशिवाय द्यायचं नाही. 'पाणी' हा शब्द शिकवायचा तर भरलेला पेला मुलाला दिसेल पण मिळणार नाही असा ठेवायचा. ओठ मिटून उघडले, 'पा' निघालं, की मग पेला.

परीक्षेच्या पाठासाठी आम्हा दोघींनाही नेमका हाच शब्द आला. माझ्यासमोरची चिमुरडी चार वर्षांची होती. ती पेल्याकडे बोट दाखवत राहिली, मी हात मागे बांधून हसत राहिले. ती रडली, हुंदक्यात कधीतरी 'पा' निघालं, आणि परीक्षक बाईंनी माझ्या वहीवर 'उत्तम' लिहिलं. माझ्यानंतर शेवंता. तिच्यासमोरच्या मुलाने कोरडे ओठ चाटले मात्र, हिने पेला उचलून त्याच्या तोंडाला लावला, दुसऱ्या हाताने पाठ थोपटली. ती नापास झाली. पुन्हा बसायचं तर सहा महिने थांबणं आलं. प्रमाणपत्राशिवाय असा वर्ग काढायला परवानगी नव्हती आणि तिकडे छबी पाच वर्षांची होत आली होती. बोलणं शिकायची हीच वर्षं, असं आम्हाला रोज घोकवलं जायचं.

मी चिडले. "एक दिवस नियम पाळला असतास तर काय बिघडलं असतं? छबीचे सहा महिने गेले!"

ती ट्रंक भरत होती. मान वर न करता म्हणाली, "मालू, माझी आई विहिरीवर हंडा घेऊन बसायची. तिला दोराला शिवायची बंदी. वरची कोन बाई आली, तिच्या मनात आलं, तर लांबून वतायची. तवर आई म्हनत ऱ्हायची, वाढा वो माय, वाढा... आमी बौद्ध झालो, घरातले देव सोडले, पन ती हाक माझ्या कानातनं गेली नाय. तान्हेल्या मानसाकडनं आधी सबूद काढून घ्यायचा, मग पानी द्यायचं, ह्यो धडा मला नवा नाय गं."

माझ्या वहीतलं ते 'उत्तम' मी त्यानंतर कुणाला दाखवलं नाही.

सहा महिन्यांनी तिने पाठाच्या टाचणात पहिलीच ओळ लिहिली : 'सर्व मुलांना पोटभर पाणी पाजणे.' मी पाठ बघायला मुद्दाम गेले होते. परीक्षक बाईंनी भुवया चढवून विचारलं, "तहान भागल्यावर मूल 'पाणी' म्हणेलच कशाला?" शेवंता म्हणाली, "का नाय म्हणणार बाई? आपण काय तहानेपुरतेच बोलतो का?" मग तिने परात मांडली आणि मुलं पाण्यात हात आपटू लागली. अर्ध्या तासात तिघांपैकी एकीनेच 'पा' म्हटलं, तेही खिदळत, आरशातल्या आपल्या ओल्या तोंडाला. शेवंता काठावर पास झाली. शेरा होता, 'शिस्त कमी.'

कर्जतला वर्गासाठी खोली शोधताना शेवंताचं आडनाव ऐकलं की घरमालकांकडे अचानक पाहुणे यायचे असत. शेवटी एका शिंप्याने दुकानामागची खोली दिली. पहिल्या दिवशी शेवंताने फळ्याच्याही आधी माठ आणला आणि तो वीतभर उंचीच्या पाटावर ठेवला. शेजारी छोटे पेले, छोटंसं ओगराळं. तहान लागली की मुलाने उठायचं, घ्यायचं, प्यायचं. जमीन कायम ओली असायची, ती पुसायला शेवंता असायची. छबी पहिला शब्द 'आत्या' बोलली ती याच खोलीत, आणि मग सगळीच मुलं शेवंताला आत्या म्हणू लागली.

गेल्या आठवड्यात मी शेवंताच्या वर्गावर गेले. नवी शिक्षिका आली आहे. हुशार आहे, मनापासून शिकवते. माठ मात्र तिने कपाटावर चढवला होता. म्हणाली, "मुलं आपापलं पाणी घेतात, मग मागायला शिकणार कशी?" अगदी माझाच जुना आवाज. मी स्टुलावर चढले, गुडघे कुरकुरले, पण माठ खाली उतरवला आणि पाटावर ठेवला. तिला म्हटलं, "मी आहे तोवर हा इथेच राहील. जमीन ओली झाली तर मला बोलवा, मी येऊन पुसेन." कोपऱ्यातली एक चिमुरडी हे सगळं बघत होती. ती उठली, ओगराळं बुडवलं, दोन पेले पाणी प्यायली, फ्रॉकला तोंड पुसलं आणि एक अक्षरही न बोलता खेळायला पळाली.